डिशला अर्थिंग नव्हतं, विजेने टीव्ही गेला. भरपाई कोणाकडे मागायची?

राजेहो, थोडी मदत पाहिजे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. परवा रात्री घरामागच्या कडुनिंबावर वीज पडली. टीव्ही बंद होता, पण केबल लावलेलीच. सकाळी पाहतो तर सेट टॉप बॉक्सच्या मागचा केबलचा स्क्रू काळा पडलेला आणि टीव्हीला जळका वास. माणसं-ढोरं वाचली, हे बाकी नशीब.

डिश दीड वर्षापूर्वी बसवली. पोरगा आला, स्लॅबवर बोल्ट ठोकले, केबल खिडकीतून आत घेतली अन् गेला. अर्थिंगची तार नाहीच. आता डिशवाल्यांना फोन केला तर म्हणतात, "नैसर्गिक आपत्ती आहे, आमच्याकडे काही नाही."

थेट डिशवर पडली असती तर अर्थिंगनेही टीव्ही वाचला असता असं नाही, हे मला कळतं. पण झाडावरच्या विजेचा झटका केबलमधून घरात येण्याआधी जमिनीत उतरवायला काहीतरी नको का?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलणार आहे. ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते. पण बसवण्यातली चूक सिद्ध कशी करायची? फोटो, पावती पुरते का, की इलेक्ट्रिशियनचं लेखी मत लागतं? कोणी अशी तक्रार लढवली आहे का?

दुसरं, आमचा वायरमन डिशसाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा घ्या म्हणतो. पण तो मीटरच्या अर्थिंगला जोडला नाही तर दोन्हींतला व्होल्टेजचा फरक टीव्हीतूनच जाईल ना? त्यात आमची काळी जमीन, उन्हाळ्यात हातभर भेगाळते, मग अर्थिंग नीट लागेल का? जाणकारांनी सांगा.