प्रिझम चष्मा काढल्यावर नेम उलट बाजूला जातच नाही, मदत हवी (अर्जंट)

वैतागलेली_मी: एमएचं प्रॅक्टिकल आहे, सोमवारी दाखवायचंय. २० डायॉप्टरचे प्रिझम (समोरचं सगळं उजवीकडे सरकलेलं दाखवणारी भिंगं), भिंतीवर खडूची रेघ, चिंचोके भरलेल्या पिशव्या फेकायच्या. चष्मा घातला की नेम उजवीकडे जातो, १०-१२ फेकीत सुधारतो, इथपर्यंत झकास. पण काढल्यावर चष्म्याची सवय उरते म्हणून डावीकडे जायला हवा ना, तर येतंय फक्त ४ सेंमी!! सर म्हणतात डेटा चुकलाय. काय चुकतंय?

गोंद्या: अंतर किती? हात तोच का? ४ सेंमी हे कशाचं?

वैतागलेली_मी: २ मीटर. हात तोच. काढल्यानंतरच्या १५ फेकींची सरासरी.

गोंद्या: मग बरोबरे की. १ डायॉप्टर म्हणजे १ मीटरवर १ सेंमी, तुमच्याकडे २ मीटरवर ४० सेंमी सरकलेलं दिसतं. पण पडलेली पिशवी दिसली की मेंदू लगेच दुरुस्ती करतो, सरासरीत सगळं धुऊन जातं. पहिली फेक वेगळी लिहा.

जॉयस्टिकवाला: हे फेकाफेकीचे उद्योग सोडा. लॅपटॉपवर कर्सर हाताच्या दिशेपेक्षा ३० अंशांनी तिरका जाईल असं करा, नोंद आपोआप.

गोंद्या: आणि दोन मिनिटांत पोरांना कळतं की बाजूला नेम धरायचा, मग मोजताय काय, जुळवून घेणं की हुशारी?

जॉयस्टिकवाला: ते काय चष्म्यात होत नाही?

नाना_६२: मला प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलाय, जिन्यात पायरी चुकते. सवय होते का हो?

सुलूताई: नाना, वेगळा धागा काढा. त्या स्ट्रॅटन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं आठवडाभर वापरली होती, तुमचं काय घेऊन बसलात. वैतागलेली, पिशव्या गोळा कोण करतं?

वैतागलेली_मी: जो फेकतो तोच, दुसरं कोण करणार

सुलूताई: चष्मा काढून?

वैतागलेली_मी: हो मग, घालून धडपडेल ना

सुलूताई: अगं बाई, तिथंच घालवलंस सगळं! दोन मीटर चालला, वाकला, दहा-बारा पिशव्या उचलल्या, म्हणजे हात डोळ्यांसमोर तेवढ्याच वेळा नेमका गेला. पहिल्या फेकीआधीच चष्म्याची सवय अर्धी उतरली. डोळे मिटून चष्मा काढायला लाव, खुर्चीवरून उठू देऊ नकोस, पिशवी तू हातात दे. आणि फेकल्याबरोबर समोर पुठ्ठा धर, कुठं पडली ते दिसता कामा नये.

वैतागलेली_मी: आत्ता रूममेटवर केलं. पहिली २६ सेंमी डावीकडे!! थेट माझ्या चहाच्या कपात. पुठ्ठा धरायला तिसरी मुलगी शोधतेय.

नाना_६२: वेगळा धागा कुठून काढायचा?