पाट, १८५६चा कायदा आणि इगतपुरीचा पाऊस
गोष्टीतली १८६०च्या दशकातली विधवा दुसरं लग्न करून इगतपुरीसारख्या आडगावी नव्याने संसार मांडते, हे अशक्य वाटतं असं एका वाचकाचं म्हणणं आहे. नायिका ब्राह्मण असती तर मीही मान डोलावली असती. पण कितीतरी जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लावून द्यायची रीत कायद्याच्या आधीपासून होतीच. विधवाविवाहाचा कायदा आला १८५६ला, आणि त्यातली मेख अशी की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. नायिका दिराशी जमिनीवरून भांडत बसत नाही, त्याचं कारण मला तरी हेच वाटलं.

आणि इगतपुरीच का? थळ घाटातून रेल्वे १८६५ला वर आली. अशा नव्या स्टेशनच्या गावात सगळेच उपरे, कोण कुणाचं कूळ विचारणार!

मला खटकलं ते वेगळंच. श्रावणात नायिकेच्या अंगणात कुरडया वाळत घातल्यात! माझी आजी इगतपुरीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. पावसाळ्यात ती शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी वाळवायची, तरी ती दमटच. सगळ्यांना धुराचा वास. दारातून समोरची चाळ दिसायची नाही असं धुकं. कुरडया करायच्या त्या चैत्र-वैशाखात, आम्ही नाशिकला गच्चीवर अजूनही तेव्हाच करतो. लेखिकेने एक पावसाळा तिकडे काढायला हवा होता.