सांगलीतला २०१९ चा पूर अजून 'आहे' का? काळाबद्दल तुमचं मत काय?

कृष्णाकाठ (सांगली):
माझं मत सरळ आहे. भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही सारखेच खरे. मी सांगलीत आहे म्हणून मिरज नाहीशी होत नाही, तसंच २०१९ चं. १९०५ च्या विशेष सापेक्षता सिद्धान्तानुसार दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, हे बघणाऱ्याच्या गतीवर ठरतं. रस्त्यावरून विरुद्ध दिशांना चालत जाणारे दोघं घ्या. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेल्या देवयानी दीर्घिकेत 'आत्ता' काय चाललंय, यात त्या दोघांच्या हिशोबात काही दिवसांचा फरक पडतो. मग कुणाचं 'आत्ता' खरं धरायचं?

हरभट रोडकर:
मिरजेला मी उद्या जाऊ शकतो, २०१९ ला नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर दुकानातला गाळ फावड्यानं ओढताना आई म्हणाली, "सुटलो बाबा एकदाचे." ती कशामुळे सुटली? पूर साफसफाईच्या आधीचा आहे म्हणून? तो क्रम तर पाणी चढत होतं तेव्हाही तसाच होता, तेव्हा का नाही हायसं वाटलं? संपलं म्हणून वाटलं. आर्थर प्रायर या तत्त्वज्ञानं १९५९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. तुमच्या हिशोबात आमच्या दुकानात पाणी अजून उभंच आहे.

कृष्णाकाठ:
'आहे' म्हणजे 'आत्ता आहे' असं मी म्हणत नाही, पूर त्याच्या तारखेला आहे. संकटाआधी भीती आणि नंतर सुटका वाटणं जगायला उपयोगी पडतं, म्हणून मन तसं घडलंय. त्यावरून विश्वाची रचना ठरत नाही.

विश्रामबागचे मास्तर:
हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सर्वास्तिवादी बौद्ध म्हणायचे की तिन्ही काळांतलं सगळं अस्तित्वात आहे, कारण गेलेलं कर्म मुळी नसेलच तर त्याचं फळ कुठून येणार? वसुबंधू या बौद्ध आचार्यानं आपल्या अभिधर्मकोश या ग्रंथाच्या भाष्यात त्याला उत्तर दिलं. भूतकाळ होता, भविष्य होईल, एवढंच. फळ येतं ते कर्मापासून चालत आलेल्या, बदलत गेलेल्या साखळीतून. रोडकरांच्या भिंतीवर पाण्याची रेघ असेल तर ती आज आहे, पूर नाही. मी वसुबंधूच्या बाजूचा.

कृष्णाकाठ:
मास्तर, भिंत रंगवली, नोंदी जळाल्या, आठवण असणारं कुणी उरलं नाही, तरी 'पूर आला होता' हे खरंच राहील ना? मग ते कशाच्या जोरावर?

हरभट रोडकर:
आला होता, या जोरावर. त्याला आज एखादी वस्तू कशाला लागते? मला हे इतकं उघड वाटतं की वाद कशाचा तेच कळत नाही.

मिरज जंक्शन:
भौतिकशास्त्रातूनच उलटा मुद्दा सांगतो. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे असं आपण म्हणतो, म्हणजे सगळ्या विश्वाला लागू पडणारा एक काळ मानतोच. मग सर्वांचं एक 'आत्ता' असायला काय हरकत?

कृष्णाकाठ:
तो काळ मोठ्या पल्ल्यावर पदार्थ सारखा पसरलाय असं धरून काढतात. दीर्घिकेच्या आसपास ते गृहीत चालत नाही. सरासरीवर एखादी गोष्ट अस्तित्वात आहे की नाही, हे कसं ठरवणार?

मिरज जंक्शन:
खरं 'आत्ता' आहे, फक्त मोजून सापडत नाही, असं मानलं तर? सिद्धान्त त्याला खोटं पाडत नाही.

कृष्णाकाठ:
प्रकाश ज्यातून जातो असं मानलं जायचं त्या ईथर या अदृश्य माध्यमाबद्दलही तेच म्हणता येतं. १८८७ मध्ये मायकेलसन-मोर्ली यांना तो सापडला नाही, आणि पुढे सिद्धान्ताला त्याची गरजच उरली नाही. तिथे सोडलात, मग इथे का धरून ठेवता?