शून्य नसताना रावणाची १० डोकी लिहिली कशी?

अर्धवट_हिशेबी:
तो व्हॉट्सअॅप फॉरवर्ड सगळ्यांकडे आलाच असेल, आर्यभटाने शून्य शोधलं तर त्याआधी रावणाची दहा तोंडं नि शंभर कौरव मोजले कसे म्हणे. आता आठवीतल्या भाच्याने सिरियसली विचारलंय. मोजता येत असणार हे कळतं हो, पण शून्याशिवाय मोठे आकडे लिहायचे कसे? आणि बॅबिलोन, रोमन वगैरेंकडे शून्य होतं का?

घाटवाटा:
जुन्नरजवळ नाणेघाटात घेऊन जा त्याला. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा, यज्ञात गाई किती दिल्या, कार्षापणं (त्या काळची नाणी) किती दिली असा सगळा हिशेब. त्यात २४,४०० असा आकडा आहे आणि शून्य एकही नाही. ब्राह्मी लिपीत दहा, वीस, शंभर, हजार सगळ्यांना वेगळं चिन्ह, हजाराच्या चिन्हाला चार जोडला की चार हजार, वीस जोडला की वीस हजार, मग शंभराला चार जोडून चारशे, झालं. रोमन लोकांचंही तसंच, शंभराला अक्षरच वेगळं. जागेवरून किंमत ठरतच नाही तर रिकामी जागा दाखवायची वेळ येतेच कुठे.

मातीची_पाटी:
+१. गोची झाली ती बॅबिलोनवाल्यांची. त्यांच्याकडे स्थानानुसार किंमत होती पण साठच्या पटीत, त्यामुळे ६१ म्हणजे दोन खुणा आणि ३६०१ म्हणजे पण त्याच दोन खुणा, फक्त मध्ये जरा गॅप! शेकडो वर्षं असंच चाललं, मग इसवीसनपूर्व ३०० च्या सुमारास मधल्या गॅपमध्ये दोन तिरक्या खुणा मारायला लागले. पण शेवटी नाही मारायचे, म्हणजे १ आणि ६० सारखेच दिसणार, संदर्भावरून ओळखा.
माया लोकांनी मात्र स्वतंत्रपणे शून्य काढलं, शिंपल्यासारखं चिन्ह. २०१२ मध्ये जग बुडणार म्हणून चॅनलवाल्यांनी जो धुमाकूळ घातला ती तारीख त्यांच्या कॅलेंडरात १३ आणि पुढे चार शून्यं, एवढंच होतं ते.

अर्धवट_हिशेबी:
भारी! म्हणजे आर्यभटाचं श्रेय चुकीचं?

खहर:
आर्यभटाने (इसवी सन ४९९) प्रत्येक स्थान आधीच्या दसपट असतं हे सांगितलं, पण स्वतः आकडे अक्षरांत लिहायचा. रिकामी जागा दाखवणं वेगळं आणि शून्याला संख्या मानून बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम देणं वेगळं, ते ६२८ मध्ये गणिती ब्रह्मगुप्ताने केलं, माझ्या मते खरी उडी तीच. भागाकारात मात्र तोही अडकला, शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य म्हणाला. पुढे भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हणून अनंत मानलं, आज तेही चालत नाही. भाच्याला कोरलेलं शून्यच बघायचं असेल तर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे, ८७६ सालचा लेख, देवळाच्या बागेची लांबी २७० हात आणि ५० फुलांच्या माळा, दोन्हीत आपल्यासारखंच गोल शून्य.