हँकॉकचा गोल गोठा आतून कसा टिपू?

बाळेकर_म्हैसवाला
नमस्कार मंडळी. मुलगी मॅसॅच्युसेट्सला असते, ऑक्टोबरात तिच्याकडे चाललोय. त्याच राज्यात पिट्सफील्डजवळ हँकॉक शेकर व्हिलेज आहे (शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची जुनी वस्ती, आता संग्रहालय), तिथला १८२६ सालचा दगडी गोल गोठा बघायचाय. पंढरपुरी म्हशी सांभाळण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे बांधणाऱ्याचं डोकं कसं चाललं ते जास्त खुणावतंय. वैरणीची गाडी वरच्या मजल्यावर शिरायची, गोल फिरत मधल्या खणात वैरण ढकलायची आणि मागे न घेता त्याच दारातून बाहेर. खाली गाई आतल्या बाजूला तोंड करून उभ्या. सगळ्यांची वैरण एकाच जागी! आमच्याकडे कडबा दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहावा लागतो, कंबरेला विचारा.

नेटवर सगळे फोटो बाहेरून: हिरवळ, निळं आभाळ, कॅलेंडर. मला वैरणीचा रस्ता एका फोटोत हवाय. निकॉन आहे, १८-५५ लेन्स. अजून वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी, घेऊ का?

नवीपेठ_क्लिक
अण्णा, नका घेऊ. गोल जागेत कोपरा नसतो, अतिवाइडने कडेचे खांब नुसते ताणले जातात. १८ बास. वरच्या मजल्यावर गाडीच्या वाटेवर भिंतीला पाठ लावून उभं राहा, कॅमेरा सरळ धरा. पुढे वाट, मागे खण, दोन्ही एकात येतील. खिडक्या पांढऱ्या फटक आणि आत अंधार, म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) दोन-दोन स्टॉपच्या फरकाने, म्हणजे दर वेळी उजेड चौपट कमी-जास्त करून, तीन फोटो घ्या. ट्रायपॉड चालतो का, आधी विचारा.

वास्तू_सोलापूर
काका, निघण्याआधी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या) साइटवर जा. अमेरिकेत १९३३ पासून सरकारी खर्चाने जुन्या इमारतींची मापं आणि फोटो घेऊन ठेवतात. त्यात हा गोठाही आहे, फुकट बघता येतो. आणखी एक: हा गोठा १८६४ मध्ये जळाला, पुन्हा उभारला, आणि १९६८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यामुळे फोटोखाली सरसकट ‘१८२६’ लिहू नका, आतलं लाकूड नंतरचं आहे. दगडांच्या सांध्यांचे जवळून फोटो घ्या, शेजारी टेप धरून, आणि तेही तिरप्या उन्हात. कॅलेंडरवाले नेमके तेच सोडतात. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तेच लागतात.

मोहोळचा_दादा
काय ओ अण्णा, गोल बांधायचा बेत हाय का? कमी भिंतीत जास्त जागा मिळते म्हणून तिकडं गोल गोठ्यांची लाट आलती, पण १९२० नंतर कोण बांधंना. चार गाई वाढल्या तर भिंत कुठनं सरकवणार?

बाळेकर_म्हैसवाला
दादा, बांधत नाही, धीर धरा. आपलं पत्र्याचं शेड झिंदाबाद, एका बाजूने वाढवत नेता येतं. पण मधोमध वैरण टाकायची युक्ती चौकोनी शेडातही बसेल असं वाटतंय, म्हणून तर तो फोटो पाहिजे. ट्रायपॉडसाठी मुलीला तिथे मेल करायला सांगितलंय. नवीपेठवाले, तुमच्याकडे छोटा असेल तर उसना द्याल का?