प्रति: एक्स्पान्शनने नुसते पत्ते वाढतात?

‘एक्स्पान्शन म्हणजे आणखी पत्ते, डाव तोच’ असं वर म्हटलंय. ‘डॉमिनियन’ या पत्त्यांच्या खेळापुरतं (यात नाण्यांचे पत्ते वापरून नवे पत्ते विकत घ्यायचे, आपला गठ्ठा वाढवायचा आणि गुण जमवायचे) तरी मला ते पटत नाही. कितीही जोड-संच घेतले तरी किंगडमचे, म्हणजे त्या डावापुरते निवडलेल्या विकतच्या पत्त्यांचे, गठ्ठे दहाच मांडायचे, त्यामुळे तसं वाटतं खरं. पण २०१० चं ‘प्रॉस्पेरिटी’ हे एक्स्पान्शन जिंकण्याचा हिशोबच बदलतं. मूळ खेळात सगळी धाव ८ नाण्यांना मिळणाऱ्या प्रोविन्स या गुणांच्या पत्त्यासाठी, म्हणजे हातातल्या पाच पत्त्यांत सरासरी १.६ नाणी पुरतात. ‘प्रॉस्पेरिटी’तला कॉलनी हा पत्ता ११ नाण्यांचा, १० गुणांचा. तिथे सरासरी २.२ लागते आणि सिल्व्हर हा नाण्यांचा पत्ता तर दोनच नाणी देतो!

हे मला भाच्यामुळे कळलं. दिवाळीत आम्ही यवतमाळकडे गावी असतो. दिवसभर कापसाची वेचणी, रात्री जेवणं झाली की ओसरीत सतरंजीवर डाव. पोरगं सिल्व्हर, जमलंच तर गोल्ड घेत जायचं आणि मला हमखास हरवायचं. कॉलनीच्या पहिल्याच डावात त्याच्या हाती पाचही सिल्व्हर आले. त्यानं दोनदा मोजले. “मामा, एकच कमी पडून राह्यलं ना!” दहा नाणी, प्रोविन्स येतो, कॉलनी नाही. पुढच्या डावात त्यानं सुरुवातीलाच नको ते पत्ते काढून टाकू देणारं चॅपल घेतलं आणि एरवी जपून ठेवायचा ते एकेका नाण्याचे कॉपर चार-चार करून ट्रॅश केले, म्हणजे सरासरी वाढावी म्हणून गठ्ठ्यातून कायमचे काढले, मग ९ नाण्यांना मिळणाऱ्या प्लॅटिनम या गोल्डहून मोठ्या नाण्यांच्या पत्त्यामागे लागला. चॅपल मूळ डब्यातलंच आहे, आमच्याकडे तोवर त्याला कोणी हात लावत नव्हतं.