परसातल्या अळवाची खाज

प्रश्न: न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवाची पाने श्रावणात सुपाएवढी झाली आहेत, परंतु काल केलेल्या वड्या चिंच घालूनही घशाला खाजल्या. कुठे चुकले असावे?

उत्तर १: अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तेच घशाला टोचतात, म्हणून जाड शिरा तासून, चिंचेचा कोळ घातलेले बेसन पानाच्या मागच्या बाजूला सर्वत्र माखावे आणि उंडे निदान २० मिनिटे वाफवावेत. देठ काळपट आहेत ना? वड्यांना तेच अळू घ्यावे.

उत्तर २: देठ हिरवे असतील, तर ते सोलून, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि आंबट चुका घालून सरळ फदफदे करावे. चिरण्यापूर्वी हातांना तेल चोळावे. मी एकदा विसरले आणि रात्रभर कोपरापर्यंत खाजवत बसले.

प्रश्नकर्ती: देठ हिरवेच निघाले! आज फदफदेच करते.